वाट पाहण्याचा हिशेब

2019 च्या जून महिन्यात ॲपलने नवा मॅक प्रो हा व्यावसायिकांसाठीचा संगणक जाहीर केला. त्याची सुरुवातीची किंमत 5,999 डॉलर होती, आणि एकेक सोय वाढवत गेल्यास ती 50,000 डॉलरच्या पलीकडे जात होती. सोबतच्या पडद्याचा स्टँड वेगळा घ्यावा लागे, त्याचे 999 डॉलर. वर्षअखेरीस यंत्र विक्रीला आले तेव्हा त्याला पायांऐवजी चाके हवी असल्यास आणखी 400 डॉलर मोजावे लागतील, हेही कळले. पुढे कितीतरी दिवस चर्चा झाली ती या स्टँडची आणि चाकांची. एका बाजूने म्हटले गेले की हा श्रीमंतीचा देखावा आहे, तेच भाग सुटे घेऊन जोडले तर निम्म्यात काम होते. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की ज्यांना किंमत जास्त वाटते त्यांच्यासाठी हे यंत्र नाहीच, व्यावसायिकाला वेळेची किंमत कळते. आज ग्राफिक्स कार्डे, वर्कस्टेशने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी घेतली जाणारी यंत्रे यांवरून वाद होतो तेव्हाही बहुतेक वेळा हीच दोन वाक्ये ऐकू येतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. या प्रश्नात व्यक्तींची बचत, संस्थांचा निधी आणि नव्याने शिकू पाहणाऱ्यांची उमेद गुंतलेली आहे. तो इतक्या सैलपणे सोडवण्याजोगा नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. संगणक किमतीला उतरतो तो दोनच कारणांनी: एक तर तो माणसाचे एखादे ठरावीक वाट पाहणे संपवतो, नाहीतर त्याच्याविना जे काम होऊच शकत नाही ते शक्य करतो. म्हणून महागडे यंत्र घेऊ पाहणाऱ्याला आपले नेमके कोणते वाट पाहणे संपणार आहे, ते दिवसातून किती वेळा वाट्याला येते आणि तेवढ्या वेळात आपण काय करत असतो, हे मोजून सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर यंत्र कितीही उत्तम असो, त्याच्यापुरते ते महाग आहे. आणि सांगता येत असेल तर त्याच्या खरेदीला देखावा म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. यंत्राचे गुणदोष कितीही तपासले तरी या प्रश्नाचे उत्तर यंत्रात सापडत नाही, कारण त्यातला निम्मा भाग वापरणाऱ्याच्या दिवसात दडलेला असतो.

हा विचार मुळीच नवा नाही. 1707 साली आपण समुद्रात नेमके कोठे आहोत याचा अंदाज चुकल्यामुळे इंग्रज आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने जहाजाचे रेखांश अचूक सांगणाऱ्या पद्धतीला 20,000 पौंडांपर्यंतचे बक्षीस ठेवले, आणि जॉन हॅरिसनने त्यासाठी समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ तयार केले. त्या घड्याळाची लार्कम केंडॉलने 1769 मध्ये पूर्ण केलेली प्रतिकृती 500 पौंडांना पडली. घड्याळासाठी ही रक्कम त्या काळी अवाढव्य होती. ती योग्य होती का? पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकले तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे 28 किलोमीटरने चुकते. 1772 ते 1775 या काळात दक्षिण महासागरात फिरणाऱ्या जेम्स कुकने याच प्रतिकृतीवर विश्वास ठेवला, आणि त्याच्यासाठी त्या 500 पौंडांत घासाघीस करण्यासारखे काही नव्हते. तेच घड्याळ एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात टांगले असते तर तिथे एका मिनिटाच्या चुकीने कोणाचे काय बिघडले असते? घड्याळ तेच, कारागिरी तीच, किंमतही तीच, पण एका ठिकाणी ती रास्त होती आणि दुसऱ्या ठिकाणी निव्वळ हौस. केंडॉलने पुढे काही भाग वगळून 200 आणि 100 पौंडांची घड्याळे केली. ती पहिल्याइतकी अचूक नव्हती. म्हणजे पैशाच्या मोबदल्यात अचूकता खरोखरच मिळत होती. प्रश्न एवढाच होता की ती कोणाला हवी आहे.

आता महागड्या यंत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा पाहू: वेळ. अनेकजण त्याची थट्टा करतात, पण त्याला पुरावा आहे. 1982 मध्ये आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी संगणकाचा प्रतिसाद आणि माणसाचे काम यांच्या संबंधांविषयी एक अहवाल लिहिला. प्रत्येक आज्ञेला 3 सेकंदांनी प्रतिसाद मिळत असेल तर प्रोग्रामर तासाला सुमारे 180 आज्ञा देतो, आणि प्रतिसाद 0.3 सेकंदात मिळू लागला की हाच आकडा 371 वर जातो, असे त्यांनी दाखवले. हे गणित जरा उलगडून पाहण्याजोगे आहे. पहिल्या स्थितीत एका आज्ञेमागे 20 सेकंद जात होते. त्यांतले 3 यंत्राचे आणि 17 माणसाचे. दुसऱ्या स्थितीत यंत्राचे 0.3 आणि माणसाचे साधारण 9.4. यंत्राने वाचवले 2.7 सेकंद, पण माणसाचेच साडेसात सेकंद वाचले. कारण पुढच्या पावलाचा जो विचार डोक्यात तयार असतो, तो यंत्र रेंगाळले की विस्कटतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. ज्याने मंद यंत्रावर दिवसभर काम केले आहे त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. संध्याकाळी येणारा तो थकवा केलेल्या कामाचा नसतो, सारखा तुटत राहिलेल्या लक्षाचा असतो.

तेव्हा वेगवान यंत्राने माणसाचे काम सुधारते, हे मी निःशंकपणे मान्य करतो. मात्र इथेच तर घोडे पेंड खाते. डोहर्टी आणि थडानी ज्या वेगाबद्दल बोलत होते तो छोट्या, वारंवार येणाऱ्या प्रतिसादांचा वेग आहे, आणि सर्वांत महागडे यंत्र जो वेग विकते तो बहुतेक वेळा वेगळाच असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये एएमडीने थ्रेडरिपर 3990एक्स हा 64 कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या 64 भागांचा, प्रोसेसर 3,990 डॉलरला बाजारात आणला. त्याच कंपनीचा 16 कोअरचा रायझन 3950एक्स तेव्हा 749 डॉलरला मिळत होता. यांतल्या महाग प्रोसेसरचा एका कोअरचा कमाल वेग 4.3 गिगाहर्ट्झ, तर स्वस्ताचा 4.7. म्हणजे एखादी खिडकी उघडणे, मजकुरात दुरुस्ती करणे, चित्रावर एक फटकारा मारणे अशा एकाच कोअरवर चालणाऱ्या कामांत पाचपटीहून अधिक पैसे मोजलेला माणूस किंचित मागेच पडण्याची शक्यता होती. जे काम तुकडे करून वाटता येते, उदाहरणार्थ त्रिमितीय दृश्याचे रेंडर (त्या दृश्यावरून अंतिम चित्र तयार करणे), तिथे मात्र तोच 64 कोअरचा प्रोसेसर दुसऱ्याला खूप मागे टाकत होता. 'वेगवान' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि घेणारा बहुधा एकीच्या आशेने दुसरीचे पैसे भरतो.

जीन ॲमडाल यांनी 1967 मध्येच याची मर्यादा सांगून ठेवली होती. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो शेवटी सगळ्या कामाचा वेग ठरवतो. एखाद्या कामाचा 95 टक्के भाग वाटून करता येत असेल आणि फक्त 5 टक्के भाग क्रमाने करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग 20 पटींच्या वर जात नाही. 64 कोअर लावले तर तो साधारण 15 पटच होतो. निम्मे काम क्रमाने करावे लागत असेल तर दुप्पट वेगही पूर्णपणे हाती येत नाही. रोजची बहुतेक कामे या दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारी असतात. कोअरची संख्या पाहून किंमत रास्त ठरवणाऱ्याने हे गणित एकदा तरी करून पाहावे.

वाचलेला प्रत्येक तास सारखाच मोलाचा, हे गृहीतकही तपासून पाहिले पाहिजे. रात्री झोपण्यापूर्वी लावलेले रेंडर सहा तासांऐवजी तीन तासांत संपले, तर त्या माणसाचे काय वाचले? सकाळी सात वाजता उठल्यावर ते झालेलेच असते. ते पहाटे पाचला झाले की रात्री दोनला, याने त्याच्या दिवसात काहीच फरक पडत नाही. उलट, चित्रपटाचे संपादन करणाऱ्याला प्रत्येक बदलानंतर 20 सेकंद थांबावे लागत असेल आणि असे दिवसातून शंभर वेळा होत असेल, तर 2,000 सेकंद म्हणजे 33 मिनिटे जातात. शिवाय शंभर वेळा लक्ष तुटते, आणि त्याचा हिशेब मिनिटांत लागत नाही. पहिल्या माणसाचे तीन तास वाचून न वाचल्यासारखेच. दुसऱ्याचा अर्धा तास सोन्याचा आहे. 'हे यंत्र दुप्पट वेगवान आहे' या जाहिरातीच्या वाक्यात या दोघांतला फरक कोठेच दिसत नाही. तो दिसतो घड्याळ लावून ठेवलेल्या नोंदींत.

तरीही रात्रीच्या त्या तासांनाही मोल येऊ शकते, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1995 साली प्रदर्शित झालेल्या, संगणकावर तयार केलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी सन कंपनीची 117 यंत्रे अहोरात्र चालत होती आणि एकूण सुमारे 8 लाख यंत्र-तास खर्ची पडले. एकच यंत्र असते तर या कामाला 90 वर्षांहून अधिक लागली असती. अशा ठिकाणी यंत्राच्या किमतीवर वाद घालणेच व्यर्थ, कारण दुसरा पर्याय थोडा उशिराने येणारा चित्रपट हा नव्हता. चित्रपटच न होणे हा होता. पण या उदाहरणातही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिथे एक अजस्र यंत्र आणले गेले नाही, अनेक वर्कस्टेशने एकत्र लावली गेली. 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या 16 साध्या 486 प्रोसेसरांना जोडून बिओवुल्फ नावाचा समूह उभा केला, तोही याच वाटेने. मोठे काम आणि महागडे यंत्र यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही.

अशक्य काम शक्य होणे, हे मी सुरुवातीला सांगितलेले दुसरे कारण, आणि माझ्या मते वादात ते सर्वांत दुर्लक्षित राहते. वेग हळूहळू वाढतो. मर्यादा मात्र उंबरठ्यासारखी असते, ती ओलांडली जाते किंवा जात नाही. 2020 च्या सप्टेंबरात एनव्हिडियाची दोन ग्राफिक्स कार्डे आली: 3080, किंमत 699 डॉलर, स्मृती 10 गिगाबाइट, आणि 3090, किंमत 1,499 डॉलर, स्मृती 24 गिगाबाइट. खेळांच्या चाचण्यांत दुसरे कार्ड पहिल्यापेक्षा साधारण 10 ते 15 टक्केच वेगवान ठरले, आणि खेळ खेळणाऱ्यांनी ते उधळपट्टी म्हणून बाजूला सारले. त्यांच्या जागी त्यांचे बरोबर होते. पण ज्याचे त्रिमितीय दृश्य 15 गिगाबाइटचे होते त्याच्यासाठी पहिले कार्ड 15 टक्क्यांनी मंद नव्हते, कुचकामी होते. एकाच वस्तूवर दोन निकाल, आणि दोन्ही खरे.

उंबरठा कोठे आहे हे ज्याला कळते तो पैसे कसे वाचवतो, हेही इतिहासात दिसते. 1991 च्या जानेवारीत हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने 33 मेगाहर्ट्झच्या 386 प्रोसेसरचा संगणक हप्त्यांवर घेतला. त्यात 4 मेगाबाइट रॅम, म्हणजे चालू कामासाठीची स्मृती, होती. आधीच्या पिढीच्या 286 वर त्याचे भागले नसते, कारण स्मृतीची पाने पाडण्याची आणि कामे एकमेकांपासून सुरक्षित ठेवण्याची जी सोय त्याला हवी होती ती त्या रूपात 386 मध्येच होती. त्याहून वेगवान 486 1989 मध्येच बाजारात आला होता, पण त्याच्याविना काही अडत नव्हते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात त्या यंत्रावर झाली. 2012 मध्ये टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकणारे न्यूरल नेटवर्क शिकवले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स 580 कार्डांवर, पाच ते सहा दिवसांत. प्रत्येक कार्डावर 3 गिगाबाइटच स्मृती होती, म्हणून त्यांना ते नेटवर्क दोन कार्डांत विभागावे लागले. त्यांची अडचण कोठे आहे हे त्यांना आकड्यात माहीत होते, आणि तेवढीच त्यांनी सोडवली.

महागड्या यंत्राच्या बाजूने आणखी एक मुद्दा नेहमी पुढे केला जातो: आज एकदाच चांगले घ्या, म्हणजे दहा वर्षे पाहावे लागणार नाही. यात तथ्य आहे. अगदी स्वस्तात घेतलेले यंत्र तीन वर्षांत टाकून देणे हे खिशाला आणि पृथ्वीलाही जड जाते, कारण संगणक घडवतानाच खनिजे, पाणी आणि वीज यांचा मोठा वाटा खर्च होऊन गेलेला असतो. पण 'चांगले' आणि 'सर्वांत वरचे' यांत अंतर आहे. 1983 च्या जानेवारीत ॲपलने लिसा हा संगणक 9,995 डॉलरला आणला. वर्षभरानंतर त्याच कंपनीचा, तशाच चित्रमय पद्धतीने माउसवर चालणारा मॅकिंटॉश 2,495 डॉलरला आला. ज्या मॅक प्रोच्या चाकांवरून एवढा वाद झाला, तो विक्रीला येऊन वर्षही पूर्ण झाले नव्हते तेव्हा, नोव्हेंबर 2020 मध्ये, ॲपलचाच एम1 चिपचा 999 डॉलरचा लॅपटॉप आला आणि एका कोअरच्या कामांत त्या यंत्राच्या पुढे गेला. 2022 च्या मार्चमध्ये 3,999 डॉलरला मिळू लागलेला एम1 अल्ट्राचा मॅक स्टुडिओ प्रोसेसरच्या कामात 28 कोअरच्या मॅक प्रोपेक्षा वेगवान असल्याचे कंपनीनेच सांगितले. भविष्याची तरतूद म्हणून वरच्या पायरीचे पैसे भरणाऱ्याची तरतूद अडीच वर्षेही टिकली नाही.

मात्र याच उदाहरणाचा दुसरा भाग सांगितला नाही तर मी एकांगी ठरेन. त्या मॅक प्रोमध्ये 1.5 टेराबाइटपर्यंत, म्हणजे सुमारे 1,500 गिगाबाइट, रॅम बसत होती. मॅक स्टुडिओमध्ये 128 गिगाबाइटच्या वर जाता येत नव्हते. ज्या संगीतकाराला किंवा संशोधकाला खरोखर 500 गिगाबाइट स्मृती लागत होती, त्याचे यंत्र नव्या चिपमुळे जुने झाले नाही. वेगासाठी दिलेले पैसे लवकर विरतात, उंबरठा ओलांडण्यासाठी दिलेले टिकतात. म्हणूनच, ज्या यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही, तिथे प्रोसेसरची वरची पायरी सोडून रॅमची वरची पायरी घ्यावी, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण सुट्या भागांचा हिशेब मांडणाऱ्यांनाही इतक्या सहज सोडता कामा नये. भागांच्या किमतींची त्यांची बेरीज बहुधा बरोबर असते. पण त्या बेरजेत जोडणाऱ्याचा वेळ नसतो आणि ऐन मुदतीच्या दिवशी यंत्र बंद पडले तर दार कोणाचे ठोठावायचे, याचे उत्तर नसते. ईसीसी रॅम स्मृतीतील एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त करते. पत्रव्यवहार करणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. पण आठवडाभर चालणाऱ्या गणनेत सहाव्या दिवशी एक बिट उलटला आणि चुकीचे उत्तर बरोबर म्हणून स्वीकारले गेले, तर त्या नुकसानीची किंमत कशी लावणार? पुलाचे किंवा इमारतीचे आराखडे तपासणारा अभियंता असे यंत्र मागत असेल, तर त्याच्या मागणीला चैन म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय भाड्याने क्लाउडवरचे, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे, यंत्र घेण्याचा मार्गही आहे, आणि महिन्यातून दोन-तीन दिवसच मोठे काम असणाऱ्याला तो निःसंशय योग्य आहे. रोज लागणाऱ्या, अवाढव्य किंवा गोपनीय फायलींचे काम असेल तर मात्र भाडे आणि फायलींची ने-आण दोन्ही अंगावर येतात.

हा प्रश्न सार्वजनिक का आहे, हे संस्थांकडे पाहिले की कळते. कार्यालय, महाविद्यालय, प्रयोगशाळा, कोठेही पाहा, यंत्रे पदाप्रमाणे वाटली जातात. ज्याच्या टेबलावर दिवसभरात चार पत्रे आणि दोन तक्ते उघडले जातात त्याच्याकडे सर्वांत नवे यंत्र असते, आणि जी व्यक्ती दिवसभर मोठमोठ्या फायली उघडते, बंद करते आणि त्यासाठी ताटकळते, तिच्याकडे वरिष्ठाने सोडलेले. हे केवळ अन्यायाचे नाही, पैशाचेही नुकसान आहे. असे होते, कारण यंत्राची किंमत पावतीवर दिसते आणि माणसाचे वाट पाहणे कोणत्याच पावतीवर दिसत नाही. लेखापरीक्षक यंत्राच्या किमतीवर शेरा मारू शकतो. पाच वर्षे रोज अर्धा तास ताटकळलेल्या कर्मचाऱ्याबद्दल शेरा मारण्यासाठी त्याच्या कागदांत रकानाच नसतो. काटकसरीच्या नावाखाली असा माणसांचा वेळ जाळला जातो तेव्हा मला उधळपट्टीइतकाच राग येतो. सर्वांना एकच कॉन्फिगरेशन देणे हीदेखील समता नव्हे. त्यात निम्म्यांना नको ते मिळते आणि उरलेल्यांना हवे ते मिळत नाही.

आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचे काय? या वादाची सर्वांत मोठी इजा त्यांना होते. ॲनिमेशन, संगीत किंवा प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना वरच्या दर्जाच्या यंत्राशिवाय सुरुवातच होत नाही असे इतक्यांदा ऐकवले जाते की काहीजण खरोखर सुरुवातच करत नाहीत. मला हे अतिशय लागते. शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ यंत्राची वाट पाहण्यात जात नाही, समजून घेण्यात जातो. त्याच्या मार्गात उंबरठा येईल, पण तो पहिल्या दिवशी येत नाही. लहान दृश्य, कमी थर, छोटा प्रोग्राम यांवर जे शिकता येते ते पुढे कोणत्याही यंत्रावर नेता येते. ज्या दिवशी काम त्या यंत्रात मावेनासे होईल, त्या दिवशी किती मोठे यंत्र हवे हे त्यालाच कोणत्याही विक्रेत्यापेक्षा नेमके सांगता येईल.

एखाद्याला उत्तम यंत्र केवळ आवडते म्हणून घ्यायचे असेल, तर मला त्यात काही गैर दिसत नाही. शांत चालणारे, सुबक घडवलेले साधन हाताशी असण्याचा आनंद खरा असतो. फक्त त्याने त्याला आनंदच म्हणावे. आनंदाला उत्पादकतेचे नाव दिले की ते ऐकणारा दुसरा माणूस, ज्याला तो आनंद परवडणारा नसतो, आपल्या कामात आपण कमी पडतो ते यंत्रामुळेच, असे समजू लागतो.

काही वर्षांपूर्वी माझे स्वतःचे यंत्र मंद झाले तेव्हा मीही नव्या प्रोसेसरच्या किमती पाहू लागलो होतो. खरेदीपूर्वी आठवडाभर एका वहीत मी प्रत्येक वाट पाहणे नोंदवले: काय केले, किती सेकंद थांबलो, त्या वेळी यंत्रात काय चालू होते. चौथ्या दिवशीच दिसून आले की प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच असतो. रॅम भरून गेल्यामुळे यंत्र सारखे डिस्कवर लिहीत आणि वाचत होते, आणि ती डिस्क फिरत्या तबकडीची होती. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी 4 मिलिसेकंद लागतात, डोके सरकण्याचा वेळ वेगळा. फिरणारी तबकडीच नसलेल्या एसएसडीला साधारण 0.1 मिलिसेकंद पुरतो. रॅम वाढवली, एसएसडी बसवली, आणि तेच यंत्र मी पुढे चार वर्षे वापरले.

त्याच सुमारास माझ्या एका सहकारी बाईंनी मोठ्या नकाशांच्या कामासाठी आमच्या विभागातील सर्वांत महागडे यंत्र मागितले होते आणि त्यांची मागणी दोनदा परत आली होती. मी त्यांनाही वही ठेवायला सांगितले. त्यांचा एक नकाशा संपूर्ण स्मृतीत बसल्याशिवाय उघडतच नव्हता. तो त्या तुकड्यातुकड्यांनी उघडून, जोडून, पुन्हा तपासत होत्या, आणि दिवसाचे जवळजवळ दोन तास त्यातच जात होते. तिसऱ्या वेळी मागणीपत्राचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. त्यात यंत्राचे नाव आणि किंमत अगदी शेवटच्या ओळीत होती. पहिल्या पानावर त्यांच्या वहीतल्या दहा दिवसांच्या नोंदी होत्या, तारीख आणि मिनिटांसह.